घराची निरवानिरव : थोरांच्या मृत्युपत्रांपासून बोध

(शास्त्रभाग : यशया, अध्याय ३८, वचने १ ते ५, लूक, अध्याय १२, वचने १३ ते २१.)



यहूदाचा राजा हिज्कीया दुखण्याने बिछान्यास खिळला असता परमेश्वराने यशया संदेष्ट्यास त्याजकडे पाठविले. निरोपात दोनच गोष्टी होत्या. तुझा अंतकाळ जवळ आला आहे ही एक, आणि त्याआधी घरची सर्व व्यवस्था लावून ठेव ही दुसरी. हिज्कीया सामान्य भक्त नव्हता. त्याने मंदिराची शुद्धी केली, मूर्ती फोडून टाकल्या व सर्व इस्राएलास वल्हांडणासाठी बोलाविले. तरी अशा भक्तालाही देवाने घरादाराच्या काळजीतून मोकळे केले नाही. ज्या मुखाने मरणाची वार्ता कळविली त्याच मुखाने निरवानिरवीची आज्ञाही दिली. यावरून हे उघड होते की, मागे राहणाऱ्यांची व्यवस्था लावणे हे ऐहिक लोभाचे काम नसून देवाच्या आज्ञेतले काम आहे.

आपल्या मंडळ्यांत आत्म्याच्या सिद्धतेविषयी पुष्कळ उपदेश होतो, आणि तो व्हावाच. परंतु घराच्या निरवानिरवीविषयी क्वचितच बोलणे निघते. मृत्युपत्राचे नाव काढले की मरण ओढवते, ही समजूत ख्रिस्ती झाल्यावरही पुष्कळांच्या मनातून गेलेली नाही. तिचे फळ काय होते ते आपण पाहतो. बाप मातीआड होऊन वर्ष लोटले नाही तोच, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे सख्खे भाऊ तालुक्याच्या न्यायालयात समोरासमोर उभे राहतात. विधवा दिराच्या दारी धान्य मागते. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते व तिला लुगडे-चोळी देऊन वाटेस लाविले जाते. शेजारी हे सर्व पाहतात आणि मग आपल्या उपदेशकाचे भाषण ऐकून हसतात. म्हणून काही थोर पुरुषांनी आपल्या मालमत्तेची व्यवस्था कशी केली, किंवा करावयाची राहून गेली, हे आज आपण पाहू व त्यावरून बोध घेऊ.

पहिला बोध : उद्यावर टाकू नये.

अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांनी सुमारे २५ वर्षे वकिली केली होती. वारसाहक्काचे कायदे त्यांस ठाऊक होते. १८६५ साली, १४ एप्रिल रोजी, त्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारी, त्यांना गोळी लागली व दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. पाहतात तो मृत्युपत्र नाही! लढाईच्या धामधुमीत लाखो लोकांची चिंता वाहणाऱ्या त्या पुरुषाला स्वतःच्या घरासाठी एक कागद लिहिण्यास सवड झाली नव्हती. त्यांचे जुने स्नेही न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस पुढे आले. त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ खपून सर्व हिशेब उलगडला, आणि सुमारे १,१०,००० डॉलरची मालमत्ता विधवा मेरी व हयात असलेले दोन पुत्र यांस सारखी वाटून दिली. त्या श्रमांचा मोबदलाही त्यांनी घेतला नाही. तेथे तंटा झाला नाही, हे खरे. पण बंधूंनो, असा निःस्वार्थी न्यायाधीश मित्र आपल्यापैकी कितीकांस मिळणार?

पवित्र शास्त्रात दुसरे चित्र आहे. दावीद राजा वृद्ध झाला, तरी गादीचा वारस कोण हे त्याने प्रजेसमोर जाहीर केले नव्हते. तेव्हा अदोनीयाने रथ व स्वार जमविले, मेजवानी केली व स्वतःस राजा म्हणवून घेतले. नाथान संदेष्टा व बथशेबा धावत राजाच्या खोलीत गेली नसती, तर शलमोनाच्या जिवावरच बेतले असते. बापाच्या मौनामुळे भावाभावांत वैर पडले. दाविदाच्या घरी जे घडले ते आपल्या चार खणांच्या घरात घडणार नाही, असे कोणी समजू नये.

दुसरा बोध : जे लिहावे ते स्पष्ट लिहावे.

स्वीडन देशाचे आल्फ्रेड नोबेल यांनी सुरुंगाची दारू शोधून अपार धन मिळविले. त्यांस पत्नी नव्हती, मूल नव्हते. १८९५ साली, २७ नोव्हेंबर रोजी, पॅरिस येथे त्यांनी चार साक्षीदारांसमोर मृत्युपत्रावर सही केली. आपल्या धनाच्या व्याजातून मनुष्यजातीचे सर्वांत अधिक हित करणारांस दरवर्षी पारितोषिके द्यावी, असे त्यात लिहिले होते. पुढल्याच वर्षी १० डिसेंबर रोजी ते वारले. हेतू थोर होता. परंतु तो कागद त्यांनी वकिलाच्या साहाय्यावाचून केला होता. धन सांभाळणार कोण, हे त्यात ठरविले नव्हते. ज्या संस्थांनी पारितोषिके द्यावयाची त्यांस आधी विचारलेही नव्हते. नोबेल कोणत्या देशाचे रहिवासी मानावे, येथपासून वाद निघाला. नातलगांनी हरकत घेतली. रॅग्नर सोलमन नामक तरुण अभियंत्यावर त्या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचा भार होता. त्याला वर्षानुवर्षे झगडावे लागले. शेवटी १९०० साली संस्था उभी राहिली व १९०१ साली पहिली पारितोषिके दिली गेली.

या प्रकरणी एका मनुष्याचे नाव घेतले पाहिजे. नोबेल यांचा पुतण्या इमॅन्युएल यास ते मृत्युपत्र मोडले असते तर लाभच होता. स्वीडनच्या राजानेही त्याला चुलत्याची इच्छा बदलण्याविषयी सुचविले. परंतु त्याने मृताचा शब्द राखला. धन्य तो वारस, ज्यास वाट्यापेक्षा वडिलांचा शब्द मोठा वाटतो! तथापि स्पष्ट लिहिण्याचे काम लिहिणाराचे आहे. "माझे सर्व माझ्या माणसांनी गोडीने घ्यावे" एवढे लिहून ठेवणे म्हणजे वारसांना भांडणाचे बी देऊन जाणे होय. कोणते शेत, गट क्रमांक काय, कोणास किती, विहिरीचे पाणी कोणी कोणत्या दिवशी घ्यावे, बैलजोडी कोणाची, कर्ज कोणी फेडावे, हे सर्व लिहावे.

तिसरा बोध : जे आपले नाही ते देता येत नाही, आणि जो न्याय आज करता येतो तो मरणावर ढकलू नये.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९९ साली, ९ जुलै रोजी, स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्रावर तारीख घातली. त्याच वर्षी १४ डिसेंबर रोजी ते निवर्तले. त्यांच्या मळ्यावर गुलाम राबत असत. त्यांपैकी १२३ माणसे त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती. पत्नी मार्था हिच्या मृत्यूनंतर ह्या सर्वांस मुक्त करावे, वृद्ध व दुर्बळ असतील त्यांस अन्नवस्त्र द्यावे, अनाथ मुलांस लिहिण्यावाचण्याचे व धंद्याचे शिक्षण द्यावे, असे त्यांनी आज्ञापिले. मार्थाबाईने आपल्या मरणाची वाट न पाहता १ जानेवारी १८०१ रोजी त्यांस मोकळे केले. परंतु तिच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेतून आलेले दुसरे अनेक गुलाम त्याच मळ्यावर होते. ते कायद्याने वॉशिंग्टन यांचे नव्हते, म्हणून त्यांच्या लेखणीने ते सुटू शकले नाहीत. दोन्ही प्रकारच्या गुलामांची आपसांत लग्ने झालेली होती. तेव्हा कित्येक घरांत एक सुटला व दुसरा दास्यातच राहिला.

यात दोन शिकवणी आहेत. एक अशी की, वडिलोपार्जित शेतात भावांचा हिस्सा असता आपण सबंध शेत एका मुलाच्या नावे लिहिले, तर तो कागद भावांच्या हिश्श्यापुरता व्यर्थ आहे. सातबाऱ्यावर आपले नाव आधी आहे एवढ्याने सर्व जमीन आपली होत नाही. म्हणून प्रथम आपले काय व दुसऱ्याचे काय, याची प्रामाणिक वाटणी करावी. दुसरी शिकवण याहून खोल आहे. ज्या अन्यायाची टोचणी मनाला लागली आहे, तो मिटविण्यासाठी मरणाची वाट का पाहावी? जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन जिवंतपणी, प्रभू घरात असताना, उभे राहून दिले. चुलतभावाचा बांध कोरला असेल, सालदाराची मजुरी बुडविली असेल, तर ते मृत्युपत्रात लिहिण्याचे कलम नव्हे. ते आजच फेडावयाचे ऋण आहे.

चौथा बोध : ज्यांस कायदा विसरतो, किंवा भाऊबंद विसरतात, त्यांचे स्मरण ठेवावे.

आपल्या पुण्याचे महात्मा जोतीराव फुले यांस पोटचे मूल नव्हते. एका विधवेचा पुत्र यशवंत यास त्यांनी व सावित्रीबाईंनी दत्तक घेतले. भाऊबंदांस हे रुचणार नाही हे ओळखून जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून यशवंताचा हक्क लेखी बांधून ठेवला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून भाऊबंदांनी वाद काढला व सावित्रीबाईंनी स्वतःच टिटवे हाती घेतले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. दूरदृष्टीने केलेला कागद किती आवश्यक होता, हे त्या प्रसंगावरून दिसते. आपल्यांतही पुष्कळ उपदेशकांच्या घरी अनाथ मुले वाढली आहेत. ध्यानात ठेवा, कायदेशीर दत्तविधान न करता केवळ पोटाशी धरून वाढविलेल्या मुलास वारसाहक्क मिळत नाही. त्याला काही द्यावयाचे असेल तर मृत्युपत्रात त्याचे नाव लिहिलेच पाहिजे.

मुलींविषयीही बोलणे अवश्य आहे. सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहिल्या व बापाचा वाटा मागू लागल्या. तेव्हा त्यांचे म्हणणे यथार्थ आहे असा निर्णय परमेश्वराने दिला. आपल्या ख्रिस्ती लोकांस लागू असलेला १९२५ सालचा भारतीय उत्तराधिकार कायदाही हेच सांगतो. मृत्युपत्र न करता मनुष्य वारला, तर त्याच्या विधवेस एक तृतीयांश मिळतो व उरलेले दोन तृतीयांश मुलगे व मुली यांस सारखे वाटले जातात. केरळातील मेरी रॉय नामक बाईंचा पिता मृत्युपत्र न करता वारला होता, व त्रावणकोरच्या जुन्या कायद्याप्रमाणे मुलीस मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा ५,००० रुपये, यांतील कमी असेल तेवढेच मिळत असे. त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, आणि १९८६ साली न्यायालयाने तेथील ख्रिस्ती कन्यांसही १९२५ चाच कायदा लागू आहे असे ठरविले. जो हक्क एका बाईने इतक्या कष्टाने मिळविला, तो आपण भाऊबीजेच्या ओवाळणीत बहिणीकडून काढून घ्यावा काय?

ज्या बंधूंनी स्वतः प्रभूचा स्वीकार केला त्यांनी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. धर्म बदलल्याने मनुष्याचा स्वतःचा वारसाहक्क जात नाही, हे १८५० सालीच कायद्याने ठरले, व १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानेही तो हक्क काढून घेतला नाही. परंतु त्या १९५६ च्या कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे, धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांस, ती स्वतः हिंदू नसतील तर, हिंदू आजा-आजीचा किंवा इतर हिंदू नातलगांचा वारसा मिळत नाही. आजोबांनी मृत्युपत्राने नातवास काही दिले तर मात्र हे कलम आड येत नाही. म्हणून ज्यांचे वृद्ध वडील हिंदू असून प्रेमळ आहेत, त्यांनी ही गोष्ट नम्रपणे त्यांच्या कानी घालावी. आणि त्यापूर्वी पुत्राला शोभेल अशी त्यांची सेवा करावी.

पाचवा बोध : देवाचा वाटा प्रेमाने द्यावा, पण घर लुबाडून देऊ नये.

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँक्लिन तरुणपणी छापखाना काढण्यास निघाले तेव्हा मित्रांनी उसने दिलेल्या पैशाने त्यांस हात मिळाला. हा उपकार ते वृद्धपणीही विसरले नाहीत. १७९० साली ते वारले तेव्हा मालमत्तेचा मोठा भाग कन्येस व जावयास ठेवून, शिवाय बॉस्टन व फिलाडेल्फिया या नगरांस प्रत्येकी १,००० पौंड त्यांनी दिले होते. त्या पैशातून होतकरू विवाहित कारागिरांस शेकडा ५ व्याजाने कर्ज द्यावे व २०० वर्षे ही रक्कम वाढू द्यावी, अशी त्यांची व्यवस्था होती. १९९० साली मुदत भरली तेव्हा बॉस्टनचा निधी सुमारे ५० लाख डॉलर व फिलाडेल्फियाचा सुमारे २० लाख डॉलर झाला होता. दिलेले दान मोठे नव्हते. पण ते विचारपूर्वक दिलेले होते, व आधी घरच्यांची तजवीज केलेली होती.

आपल्या देशात पूर्वी असा नियम होता की, जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती मनुष्याने धर्मकार्यास मृत्युपत्राने काही द्यावयाचे असेल, तर मृत्युपत्र मरणापूर्वी निदान १२ महिने केलेले असावे व ६ महिन्यांच्या आत ते जमा केलेले असावे. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला. आता मंडळीस, शाळेस किंवा दवाखान्यास देण्याची आपणांस मोकळीक आहे. परंतु मोकळीक आली तेथे जबाबदारीही आली. कुर्बान म्हणून देवाला वाहिले असे सांगून आईबापांस उपाशी ठेवणाऱ्यांचा प्रभूने निषेध केला आहे. जी मंडळी विधवेच्या ताटातला घास आपल्या दानपेटीत घेते, तिला आशीर्वाद नाही. पाळक व उपदेशक यांस माझी विनंती आहे की, मरणोन्मुख मनुष्याच्या उशाशी बसून मंडळीसाठी किंवा स्वतःसाठी शब्द टाकू नये. त्या वेळी आपण केवळ प्रार्थना करावी.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. अठरा वर्षांवरील, शुद्धीवर असलेल्या कोणाही स्त्रीपुरुषास मृत्युपत्र करता येते. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. लिहिता न येणाराने अंगठा उठवावा. दोन साक्षीदार असावे, त्यांच्यादेखत सही करावी व त्यांनीही आपल्यासमोर सही करावी. ज्यास काही द्यावयाचे आहे त्याला, किंवा त्याच्या पतीस वा पत्नीस, साक्षीदार करू नये. केल्यास तो आपल्या देणगीस मुकतो. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदविलेले बरे. अंमलबजावणीसाठी एका विश्वासू माणसाचे नाव लिहावे. मन बदलल्यास मृत्युपत्र केव्हाही बदलता येते. आणि पुढे विवाह झाला तर आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते, म्हणून विधुराने पुनर्विवाहानंतर ते नवे करावे. बँकेत ज्याचे नाव लावले आहे तो पैसा उचलणारा आहे, वारस नव्हे, हेही विसरू नये. गोव्यातील बंधूंस तेथील निराळा कायदा लागू आहे. तेथे मुले असणारास निम्म्याच मालमत्तेविषयी मृत्युपत्र करता येते. गुंतागुंत असेल तेथे चांगल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांजवळ दीड एकर कोरडवाहू जमीन, दोन खोल्या व एक म्हैस याहून अधिक काही नाही. एवढ्याशासाठी मृत्युपत्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण थोड्यावरच भांडण अधिक होते, कारण थोडे गेले तर सर्वच जाते. एका मनुष्याने प्रभूकडे येऊन भावाशी वाटणी करून देण्यास सांगितले, तेव्हा प्रभूने वाटणी न करता लोभाविषयी सावध केले आणि कोठारे वाढविणाऱ्या मूर्खाचा दृष्टांत सांगितला. त्या मूर्खाने धान्य साठविले, पण ते कोणाचे होईल याचे उत्तर त्याजजवळ नव्हते. देवाने त्याला नेमका तोच प्रश्न विचारला.

आपल्या प्रभूजवळ शेत नव्हते, घर नव्हते. अंगावरची वस्त्रे शिपायांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतली. तरीही वधस्तंभाच्या वेदनांत त्याने आईची निरवानिरव केली व तिला योहानाच्या हाती सोपविले. शिष्यांस त्याने आपली शांती दिली. आपल्या रक्ताने त्याने जो नवा करार केला त्यात धनी व निर्धन, पुत्र व कन्या, जन्माचे ख्रिस्ती व काल बाप्तिस्मा घेतलेले, सर्वांस सारखा वाटा आहे. मनुष्य मृत्युपत्र लिहून मरतो व त्याची अंमलबजावणी दुसऱ्यावर सोपवितो. आपला प्रभू मेला आणि पुन्हा उठला. त्याचा शब्द पाळला जातो की नाही हे तो स्वतः पाहत आहे. ज्यांस असा वारसा मिळाला आहे, त्यांनी बांधाच्या वितीसाठी भावाचा गळा धरावा हे शोभत नाही.

म्हणून येत्या कापणीच्या उपकारस्तुतीपूर्वी प्रत्येक कुटुंबाने एक संध्याकाळ यासाठी ठेवावी. आधी प्रार्थना करावी, मग पत्नी, मुलगे व मुली यांस समोर बसवून बोलावे, आणि मग लिहावे. उपदेशकांनी हा लेख घरोघरच्या प्रार्थनासभांत वाचून दाखवावा. आपण गेल्यावर आपल्या पोरांनी आपल्या कबरेपाशी एकत्र उभे राहून गीत म्हणावे, एवढी एक ठेव आपण त्यांस देऊ शकलो तरी पुष्कळ आहे.

हे आकाशातील बापा, आमचे दिवस तुझ्या हाती आहेत. जे तू आम्हांस सांभाळावयास दिले ते न्यायाने व प्रेमाने सोपविण्याची बुद्धी आम्हांस दे. विधवांचा व अनाथांचा वाटा आमच्या हातून बुडू देऊ नकोस. आमच्या घरांत शांती राख, आणि शेवटी न नासणाऱ्या वतनात आमचा प्रवेश होऊ दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.